२००६ ची स्प्लेंडर : इंजिन खोलावं, की दुसरंच टाकावं?

गिरणाकाठ | ८ फेब्रुवारी, सकाळी ७:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

गाडी स्प्लेंडर प्लस. २००६ च्या दिवाळीत नानांनी (माझे वडील) कापसाच्या पैशातून घेतलेली, एमएच-१९. मीटरवर ६८ हजार दिसतात, पण त्यावर जाऊ नका, केबल तुटून तीन वर्षं झाली. रोजचं काम म्हणजे पहाटे दुधाचे दोन कॅन डेअरीला, तिथून मळ्यात, आठवड्यातून दोनदा पाचोरा आणि महिन्याकाठी एखादी जळगावची चक्कर.

दुखणं असं. धूर मारते, निळसर. मागून येणारा माणूस तोंडाला रुमाल लावून पुढे निघून जातो आणि जाताना माझ्याकडे बघतो. ऑइल बदललं की पंधरा दिवसांत काडीच्या खालच्या खुणेवर. आधी नाल्याचा चढ कॅन लादून तिसऱ्या गिअरमध्ये चढायची, आता दुसऱ्यातही कण्हते. ॲव्हरेज ६० च्या पुढे होतं ते ४५ वर आलं. आणि सकाळी चोक ओढून आठ-दहा किका.

तीन माणसांना विचारलं, तीन उत्तरं आली. गावातला फिटर म्हणतो हाफ इंजिन (खालचा क्रँक न उघडता फक्त वरचं ब्लॉक-पिस्टनचं काम) करून टाकू, साडेतीन हजार. पाचोऱ्याचा एक जण म्हणतो, याला हातच लावू नका, माझ्याकडे २०१२ चं चालू इंजिन पडलंय, सात हजारांत बसवून देतो, सकाळी गाडी लावा आणि दुपारी घेऊन जा. मेव्हणा म्हणतो भंगारात घाला. नाना या विषयावर काहीच बोलत नाहीत. एरवी ते कशावरही बोलतात.

पासिंग २०२१ ला करून घेतलं होतं, पाच वर्षांचं. म्हणजे या ऑक्टोबरात परत आरटीओची पायरी. तर काय करावं?

केळीचा_घड | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

भाऊ, आमच्या रावेरकडे केळीच्या बागांतून निम्म्या गाड्या अशाच धूर काढत फिरतात. पहिला प्रश्न : एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला? साफ कधी केला ते विचारत नाही. बदलला कधी?

गिरणाकाठ | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:३१

खरं सांगू? आठवत नाही. फुंकून परत लावतो.

केळीचा_घड | ८ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

मग ऐका. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी होते. फाटक्या किंवा सैल बसलेल्या फिल्टरमधून ती आत गेली की ऑइलात मिसळते आणि पिस्टन खाली-वर होताना ब्लॉकची (ज्या नळकांड्यात तो चालतो त्याची) भिंत घासून काढते. व्हॉल्व्ह घासायला जो लेप वापरतात ना, तसलंच काम ती माती करते, फक्त नको त्या जागी. मी हे शिकलो तेव्हा माझा एक ब्लॉक गेला होता. त्यामुळे इंजिन नवं करा नाहीतर बदला, फिल्टरचा डबा तडकलेला असेल तर दोन वर्षांत पुन्हा याच धाग्यावर याल.

पुणेकर_खान्देशी | ८ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

मेव्हणा बरोबर बोलतोय. वीस वर्षांची गाडी, बाजारात पंधरा हजारांच्या वर कोणी देणार नाही. तिच्यावर आठ-दहा हजार घालायचे? गेल्या सप्टेंबरात साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हप्त्याने नवी घ्या, सुटा.

गिरणाकाठ | ८ फेब्रुवारी, सकाळी ९:२०

दादा, नवी ऑनरोड नव्वदीच्या घरात जाते. या वर्षी कापसाने जे दिलं ते फवारणीवाल्याने आणि मजुरीने नेलं. हप्ता म्हणजे दर महिन्याचा पाहुणा. आणि नव्या गाडीवर दुधाचे कॅन लादायला मलाच जीवावर येईल.

आरएक्स_भुसावळ | ८ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

धूर तर माझी गाडीपण मारते, तिला कोणी नावं ठेवत नाही. 😄 टू-स्ट्रोक घ्या, प्रश्नच मिटला.

लेथवाला_धुळे | ८ फेब्रुवारी, दुपारी १:५०

दुपारचं जेवण झालं, आता सविस्तर लिहितो. धुळ्यात आग्रा रोडला लागून आमचं लेथचं आणि बोअरिंगचं काम आहे. तीस वर्षं झाली. ट्रॅक्टरपासून लुनापर्यंत सगळं येतं.

गिरणाकाठ भाऊ, तुमच्या तिन्ही माणसांपैकी एकानेही इंजिन मोजलेलं नाही. न मोजता हाफ, फुल, बदला, विका, या सगळ्या नुसत्या बाता. आधी न खोलता दोन-तीन गोष्टी घरीच करून बघा.

एक. गाडी गरम करा, चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण काढा आणि वर तळहात धरा. थोडा श्वास जाणवणारच. पण धुराचे लोट फुसफुस करत बाहेर आले तर पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून गॅस खाली उतरतोय. झाकण काढताना तोंड लांब ठेवा, गरम ऑइल उडतं.

दोन. धूर कधी येतो ते बघा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर एक भपकारा आणि मग साफ, तर व्हॉल्व्हचे सील गेले. ओझं घेऊन चढावर ॲक्सिलेटर दिल्यावर सतत येत असेल, तर रिंगा आणि बोअर (ब्लॉकचं आतलं गोल भोक). उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दिल्यावर आला, तर परत सील आणि गाईडकडे बघायचं.

तीन. ज्याच्याकडे कम्प्रेशन गेज आहे असा फिटर गाठा. प्लग काढून गेज लावायचा, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरायचा आणि सात-आठ दणदणीत किका. (ॲक्सिलेटर न पिळता किका मारल्या तर आकडा खोटा येतो, निम्मे फिटर इथेच चुकतात.) आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तेच. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांत, कारण ऑइलने फट तात्पुरती भरली. आकडा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

हे करा, आकडे इथे टाका, मग बोलू. तोवर सात हजारवाल्याला काही देऊ नका, बयाणासुद्धा.

स्पेअरवाली | ८ फेब्रुवारी, दुपारी ३:३५

लेथवाले दादा बरोबर. मी चाळीसगावला स्पेअर पार्टचं दुकान सांभाळते. सासऱ्यांनी सुरू केलं होतं, आता काउंटरवर मी असते. रोज कोणीतरी येऊन म्हणतं "ताई, इंजिन किट द्या." कोणतं किट, विचारलं की फिटरला फोन लावतात. फिटर म्हणतो "स्प्लेंडरचं द्या ना कोणतंही."

ऑइलबद्दल एक. स्प्लेंडरची ऑइलची काडी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे न फिरवता. पुष्कळ जण फिरवून बघतात, काडी खोल जाते, ऑइल पुरेसं दिसतं आणि प्रत्यक्षात कमी असतं. तुम्ही कसं बघता?

गिरणाकाठ | ८ फेब्रुवारी, रात्री ८:०५

ताई... फिरवून. वीस वर्षं.

निंबाचा_पार | ८ फेब्रुवारी, रात्री ८:१२

😂 आमच्या पारावर बसणाऱ्या सगळ्यांनी आत्ता उठून आपापल्या गाडीची काडी बघितली.

मास्तर_शहादा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:४७

जुनं इंजिन बसवण्याच्या बाजूने कोणी बोलायच्या आधी माझी कथा ऐका. मी शहाद्याजवळ शिक्षक आहे. २०१७ मध्ये माझ्या गाडीचं इंजिन बसलं. मीही तुमच्यासारखाच विचार केला : खोलायला आठवडा जाणार, शाळा रोजची, त्यापेक्षा दुसरं चालू इंजिन टाकून मोकळं व्हावं. एका जुन्या बाजारातून आणलं, बिल म्हणून वहीचं फाटकं पान. गाडी छान पळाली, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं काही त्रास नाही.

मग पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून पासिंगला नेली. निरीक्षकाने चिंधीने क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) पुसला, नंबर वाचला, आरसीवर बघितलं, पुन्हा वाकून वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, हे इंजिन कोणाचं?" मला उत्तर देता येईना. वर्गात पोरांना मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत होता.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत केलेल्या फेरफाराचं आणि इंजिन बदलाचं स्पष्ट लिहिलेलं आहे : परवानगी आणि आरसीवर नोंद. मी काहीच केलं नव्हतं. इंजिन कुठून आलं याचा पुरावा द्या म्हणाले. विकणाऱ्याने हात वर केले. ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं नाही हे माझं नशीब, पण तसं नाही हे कळेपर्यंतचे दोन महिने मला नीट झोप नव्हती. शेवटी जुनं इंजिन, जे सुदैवाने गोठ्यात पोत्याखाली पडलं होतं, तेच दुरुस्त करून परत बसवलं आणि पासिंग केलं. म्हणजे बदलायचे पैसे गेले ते गेलेच, दुरुस्तीचेही लागले.

लेथवाला_धुळे | ८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

मास्तरांनी मुद्द्याची गोष्ट सांगितली, तिला एक पुस्ती जोडतो. इंजिन नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो. ब्लॉक, पिस्टन, हेड, क्रँक, गिअर यातलं काहीही बदला, नंबर तोच राहतो आणि कागदाला धक्का लागत नाही. नंबर बदलतो तो केस बदलला की. म्हणून "इंजिन बदललं" आणि "इंजिन नवं केलं" या कागदाच्या हिशेबाने दोन वेगळ्या जाती आहेत. फिटर दोन्हीला एकच शब्द वापरतो आणि गिऱ्हाईक फसतं.

पुणेकर_खान्देशी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

रीतसर बिल, विकणाऱ्याचं लिहून, आरटीओत अर्ज, नोंद, हे सगळं केलं तर दुसरं इंजिन बसवणं बेकायदेशीर नाही ना? मग घाबरवता कशाला?

मास्तर_शहादा | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

नाही, बेकायदेशीर नाही. रीतसर होतं. पण पाचोऱ्याचा तो माणूस "सकाळी लावा, दुपारी न्या" म्हणतोय, त्यात अर्ज आणि नोंद कुठे बसते? आणि विमा विसरू नका. आरसीवर एक नंबर, गाडीत दुसरा, आणि देव न करो अपघात झाला तर क्लेमच्या वेळी हाच कागद पुढे येतो.

आरएक्स_भुसावळ | ९ फेब्रुवारी, दुपारी २:३०

थट्टा बाजूला. चालू जुनं इंजिन घेताना लोक फक्त आवाज ऐकतात. विकणारा जाड ऑइल टाकून आवाज दाबतो. गरम झाल्यावर, अर्धा तास चालवल्यावर बघायचं असतं. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं खरं रूप दिसतं. फेब्रुवारीत सगळीच इंजिनं शहाणी असतात.

गिरणाकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९:१५

मंडळी, केलं. पाचोऱ्यात एका पोराकडे गेज निघाला. सुकं कम्प्रेशन ८५ पीएसआय. ऑइल टाकून १२५. झाकणावर हात धरला तर चुलीवर हात धरल्यासारखं. धूर चढावर सतत.

फिल्टरचा डबा उघडला. झाकणाचा एक स्क्रू नाहीच, तिथे फट. आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बोटावर मळ्यातली माती. आपलीच माती, ओळखीची. केळीचा_घड दादा, तुमच्या पाया पडतो.

लेथवाला_धुळे | ११ फेब्रुवारी, रात्री १०:०२

चांगल्या इंजिनाला दीडशेच्या आसपास यायला हवं. ८५ चं १२५ झालं म्हणजे बोअर-रिंगा निश्चित. पण १२५ वर अडकलं, म्हणजे व्हॉल्व्हही थोडे चुकतात. हेड उतरवावंच लागेल. आता फिटरला सांगा, इंजिन खाली घे, ब्लॉक काढ आणि थांब. काही विकत आणू नको. ब्लॉक आणि जुना पिस्टन घेऊन या. येताना क्रँकचा रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) हातात धरून बघा : उजवी-डावीकडे थोडा हलतो, तो हलायलाच हवा. वर-खाली मात्र टक टक असं काहीही जाणवता कामा नये. जाणवलं तर हाफ इंजिनाची गोष्ट संपली.

स्पेअरवाली | १२ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

दादांनी हे सांगितलं ते फार बरं झालं. लोक खालचा रॉड ढिला असताना वर नवा पिस्टन घालतात. वरचं कम्प्रेशन वाढलं की ढिल्या बेअरिंगवर आणखी दणका बसतो. दोन-तीन महिन्यांत खटखट सुरू होते आणि मग "ताई, तुमचा पिस्टन खराब होता" म्हणून माझ्याकडे येतात.

गिरणाकाठ | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

आज जे झालं ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

सकाळी फिटरने आमच्या ओट्यावरच इंजिन खोललं. नाना खाटेवर बसून बघत होते, काही बोलत नव्हते. हेड निघालं, ब्लॉक वर ओढला, पिस्टन बाहेर. वरून काजळीचा जाड थर. फिटरने रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने घासलं आणि म्हणाला, "भाऊ, हे बघा." पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेलं : ०.५०.

म्हणजे ही गाडी आधीच एकदा बोअर झालेली, ब्लॉक आतून अर्धा मिलिमीटर मोठा करून मोठा पिस्टन घातलेला! माझ्या माहितीप्रमाणे इंजिनाला कधीच हात लागलेला नव्हता. मी सगळ्यांना, इथेही, तसंच समजून सांगत होतो. मी नानांकडे बघितलं. नाना नीमच्या झाडाकडे बघत होते. मग फिटर चहाला गेल्यावर हळूच म्हणाले, "२०१३ ले करं. तवय तुन्ही मायले सांगेल नव्हतं, आते बी सांगू नको."

तेव्हा विहिरीच्या मोटारीसाठी म्हणून ठेवलेल्या पैशातून गुपचूप काम करून आणलं होतं म्हणे. मोटार मात्र त्या वर्षी उसनी आणली होती, ते मला आठवतं. तेरा वर्षं या माणसाने पोटात ठेवलं. आता त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला.

रॉड बघितला. वर-खाली बारीकशी टक आहे. फिटर म्हणतो "चालतंय तेवढं." मला ते तेवढं चालत नाही.

निंबाचा_पार | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५२

नाना जिंदाबाद. आईंना या धाग्याची लिंक पाठवू का?

लेथवाला_धुळे | १५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

उद्या घेऊन या. धुळ्याच्या अलीकडे आलात की फोन करा, संदेशात नंबर दिलाय. रॉड-क्रँक पण आणा.

लेथवाला_धुळे | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१०

भाऊ आले होते. इतरांना उपयोग व्हावा म्हणून मापं लिहितो.

स्प्लेंडरचा बोअर मूळ ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, म्हणून ९७.२ सीसी. यांचा आधी ०.५० ने वाढवलेला, म्हणजे ५०.५०. आज बोअर गेजने वर, मध्ये, खाली, प्रत्येक जागी आडवं-उभं मोजलं. खाली ५०.५२, ठीक. वर, जिथे रिंग थांबून परत फिरते तिथे, एका दिशेला ५०.६१. नखाने चाचपलं तरी कडा लागते. गोल नाही, अंडाकृती झालाय, तोही वर जास्त आणि खाली कमी. अशा ब्लॉकमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर पैसे वाया. रिंग गोल असते, भिंत गोल नाही, ती टेकणार कुठे?

पुढचा साइज ०.७५, म्हणजे ५०.७५. त्यात हा सगळा ओरखडा साफ निघतो. त्यानंतर १.०० चा एक उरतो, ५१ मिलिमीटर, तिथे इंजिन १०१ सीसीचं होतं आणि ब्लॉकची कहाणी संपते. मग नवी स्लीव्ह नाहीतर नवा ब्लॉक.

आता कोणी विचारेल, बावीसशेत नवं ब्लॉक-पिस्टन किट मिळतं, मग जुना बोअर कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. कंपनीचं अस्सल किट मिळत असेल तर खुशाल घ्या. पण बाजारातल्या हलक्या ब्लॉकपेक्षा वीस वर्षं तापून-निवून बसलेला मूळ ब्लॉक नीट बोअर केलेला मला जास्त भरवशाचा वाटतो. धातू कसा आहे हे त्याने वीस वर्षांत दाखवून दिलंय. आणि हो, हे लोखंडी स्लीव्हच्या ब्लॉकचं सांगतोय. केटीएम ड्यूकसारख्यांच्या ब्लॉकला आतून मुलामा असतो, त्यांना असं बोअर करता येत नाही. ते घेऊन माझ्याकडे येऊ नका.

केळीचा_घड | १६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

पिस्टन आधी आणला की बोअर आधी केला?

लेथवाला_धुळे | १६ फेब्रुवारी, रात्री ९:५५

पिस्टन आधी! दुकानातून पिस्टन येतो, मी तो मायक्रोमीटरने मोजतो आणि त्याच्या मापाने बोअर करतो. "०.७५ करून ठेवा, पिस्टन उद्या आणतो" असं सांगणाऱ्याला मी परत पाठवतो. दोन पिस्टनवर एकच आकडा ठोकलेला असला तरी प्रत्यक्ष मापात फरक निघतो. शेवटी होनिंगचे (बोअर झाल्यावर दगडाने बारीक घासण्याचे) तिरपे ओरखडे, ते दिसले पाहिजेत, त्यात ऑइल धरून राहतं. आरशासारखा चकचकीत बोअर करून देणारा लेथवाला बघितला की पळा.

स्पेअरवाली | १७ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

आणि पिस्टन घरी नेल्यावर, रिंग नुसती ब्लॉकमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने बघा. या साइजला साधारण ०.१५ ते ०.३५ मिलिमीटरच्या आत पाहिजे. टोकं एकमेकांना टेकली तर गरम झाल्यावर रिंग फुगून ब्लॉक ओरबाडेल. रिंगेवर बारीक अक्षर असतं, ते वर. पिस्टनवरची इनलेटची खूण कार्बुरेटरकडे. घाईत उलट बसवलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

पुणेकर_खान्देशी | १७ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

सगळं मान्य. पण एकूण किती? क्रँक, रॉड, बोअर, व्हॉल्व्ह, मजुरी... सात हजारवालं इंजिन स्वस्तच पडणार.

गिरणाकाठ | २१ फेब्रुवारी, रात्री ८:२०

हिशेब घ्या, दादा. बोअरिंग-होनिंग साडेचारशे. पिस्टन, रिंगा, पिन मिळून साडेआठशे. कनेक्टिंग रॉड किट साडेसातशे, क्रँक प्रेसवर उघडून रॉड बसवणं आणि डायल लावून सरळ करणं पाचशे. क्रँकचे दोन बेअरिंग पाचशे. टायमिंग चेन, पॅड वगैरे नऊशे. व्हॉल्व्ह, गाईड, सील आठशे. पॅकिंग सेट अडीचशे. क्लच प्लेट पाचशे, कारण आता उघडलंच आहे. ऑइल चारशे. फिटरची मजुरी अडीच हजार. बेरीज आठ हजार चारशे. एअर फिल्टर आणि डब्याचा तो हरवलेला स्क्रू वेगळा, स्क्रूचे पाच रुपये.

म्हणजे पाचोऱ्याच्या इंजिनापेक्षा चौदाशे जास्त. हो, महाग पडलं. पण त्या सात हजारांत मला काय मिळणार होतं हे कोणी मोजलेलं नव्हतं, आणि यातला प्रत्येक भाग मी हातात धरून बघितलाय. नंबर नानांच्या आरसीवरचाच.

हो, एक राहिलं. क्लचचं झाकण काढलं तेव्हा फिटरने आतला सेंटर फिल्टर उघडला. (स्प्लेंडरला कारसारखा बदलायचा ऑइल फिल्टर नसतो, खाली जाळी आणि हा फिरणारा सेंटर फिल्टर, एवढंच.) आत काळ्या लोण्यासारखा गाळ, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावा लागला. फिटर म्हणाला, ही वाटी निदान दहा वर्षं कोणी उघडली नाही. नुसतं ऑइल बदलत राहिलो, गाळ तिथेच.

पुणेकर_खान्देशी | २१ फेब्रुवारी, रात्री ८:४५

ठीक. पंधरा हजारांच्या गाडीवर साडेआठ हजार, मी अजूनही घातले नसते. पण गाडी तुमची.

मास्तर_शहादा | २१ फेब्रुवारी, रात्री ९:००

पुणेकर, ती पंधरा हजारांची विकायला काढली तर. दूध घालायला लागते तेव्हा ती नव्वद हजारांची.

आरएक्स_भुसावळ | २१ फेब्रुवारी, रात्री ९:२२

आता मुख्य परीक्षा. रनिंग, म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत गाडी जपून चालवणं. पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे नाही, एकाच वेगाने लांब पल्ला नाही, आणि कॅन दोनऐवजी एक. तीनशेला पहिलं ऑइल काढा, दिसायला स्वच्छ असलं तरी. आणि पेट्रोलचा रबरी पाइप कडक झाला असेल तर बदला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. माझ्या गाडीचे दोन पाइप चिरले.

गिरणाकाठ | २१ फेब्रुवारी, रात्री ९:३०

कॅन एक? डेअरीला काय सांगू?

केळीचा_घड | २१ फेब्रुवारी, रात्री ९:३४

दोन फेऱ्या मारा. रनिंगही लवकर पूर्ण होईल.

गिरणाकाठ | १० मार्च, सकाळी ६:५०

उशीर झाला, गहू काढणीत होतो. ३१० किलोमीटर झाले (मीटरची केबल बदलली, सत्तर रुपये, तीन वर्षं उगाच थांबलो). काल पहिलं ऑइल काढलं. सफेद वाटीत ओतून उन्हात बघितलं, बारीक चंदेरी कण तरंगत होते. लेथवाले दादांना फोटो पाठवला, म्हणाले नव्या रिंगा बसतात तेव्हा एवढं येतं, दुसऱ्या ऑइलला दिसता कामा नये.

धूर नाही. एका किकेत, फार तर दोन. नाल्याच्या चढावर एका कॅननिशी तिसऱ्यात चढते, दुसऱ्या कॅनची परीक्षा पाचशेनंतर. कम्प्रेशन परत मोजायचं राहिलंय, तो पोरगा लग्नाला गेलाय. परवा नाना स्वतः घेऊन गेले भडगावला, कोणाला न सांगता. आल्यावर आईने विचारलं कुठे होतात, तर म्हणाले पारावर.

एक शंका. सकाळी थंड असताना वरून टिकटिक येते, पाच मिनिटांनी कमी होते. टायमिंग चेन नवी आहे. काळजीचं आहे का?

लेथवाला_धुळे | १० मार्च, दुपारी १:१५

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली बारीक फट. नवे व्हॉल्व्ह बसले की सेटिंग थोडं हलतं. पूर्ण थंड इंजिनावरच बघायचं, तेसुद्धा पिस्टन कम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असताना. त्या फिटरला करू देऊ नका, तो बोटाने हलवून अंदाज घेतो, मी त्याला परवा फोनवर विचारलं. रविवारी धुळ्याला येणार असाल तर सकाळी या, गाडी रात्रीच आणून लावलीत तर उत्तम. शेवभाजी आमच्याकडे.

गिरणाकाठ | १० मार्च, दुपारी १:४०

शनिवारी रात्री येतो. नाना पण येतो म्हणताहेत.